आवाज खाणारी मशीन

फुलांचा धंदा करणाऱ्या घराला फुलांचा वास येत असेल, असं लोकांना उगाच वाटतं. आमच्या घराला ओल्या गोणपाटाचा आणि कुजलेल्या देठांचा वास यायचा. लग्न होऊन अंजनगावला आले तेव्हा कुणीतरी कौतुकाने म्हणालं, "फुलांत वाढली हो पोरगी," आणि मला हसू आवरेना. फुलांत वाढलेल्या पोरीची बोटं दोऱ्याने कापलेली असतात. अमरावतीला अंबादेवीच्या वाटेवर बाबांचं दुकान होतं आणि गावाबाहेर थोडं वावर. त्यात झेंडू, शेवंती, कडेने निशिगंध. सकाळी तोडलेला माल ओसरीत ओतला की माय, मी आणि माझा मोठा भाऊ गजूदादा त्या ढिगाभोवती हार गुंफायला बसायचो. बाबांना वावरात या टोकापासून त्या टोकापर्यंत हाक मारायची सवय, त्यामुळे ते घरातही वावरात असल्यासारखेच बोलत. "च्या आन" म्हणाले तरी शेजारच्या बाईने चुलीवर आधण ठेवावं असा आवाज. मायचं उलट. ती मान खाली घालून, सुईवरची नजर न काढता, ओठांतल्या ओठांत बोलायची. दादा तेवढ्याच हळू तिला उत्तर द्यायचा. त्या दोघांचं एक वेगळंच चालायचं. कुणाच्या हाराला कोणतं फूल, कुणाच्या घरी काय शिजलं, बाबा आज कशावरून तापलेत, सगळं त्या पुटपुटण्यात. मला त्यातलं निम्मं कळायचं नाही आणि त्याचा राग यायचा. दादा मायचा लाडका होता, यात लपवण्यासारखं काही नव्हतं. कढी-गोळे केले की त्याच्या ताटात गोळे जास्त पडायचे.

हा गजूदादा भजनी मंडळात पेटी वाजवता वाजवता राऊत मास्तरांच्या ऑर्केस्ट्रात शिरला आणि त्याच्यामागे मीही शिरले, गायला. पोरीच्या जातीने स्टेजवर उभं राहून गाणं म्हणायचं, याबद्दल आमच्या आळीत काय काय बोललं गेलं ते इथे लिहीत नाही. बोलणाऱ्या बहुतेक बाया गेल्या, आणि गेलेल्यांचं वाईट बोलू नये. बाबांनी मात्र एका वाक्यात निकाल दिला होता: "गजू संग असंन तं जाय." म्हणजे दादा आहे तोवर माझं गाणं आहे. हे मी पक्कं लक्षात ठेवलं होतं.

मग मास्तर एक सिंथेसायझर मुंबईहून घेऊन आले. तिकडच्या कुठल्याशा स्टुडिओने नवा घेतला म्हणून जुना काढला होता. लाकडी कडा, काळ्यापांढऱ्या पट्ट्या आणि वर बटणांची नुसती दाटी. प्रत्येक बटणाखाली इंग्रजी शब्द, आणि आमच्यात इंग्रजीची बोंब. दादा ती मशीन घेऊन आठवडाभर तालमीच्या खोलीत बसून राहिला आणि त्याने बटणांना आपली नावं दिली. दोन नावं मला अजून लख्ख आठवतात. एक होतं 'झाकण'. ते बंद करत नेलं की सूर गोधडीतून बोलल्यासारखा दबतो, उघडत नेलं की खणखणीत होतो. दुसरा 'चिमटा'. झाकणाच्या काठाशी जो सूर असेल, तेवढ्यालाच धरून तो वर उचलायचा. चिमटा चढवून झाकण हलवलं की असा काही टोकदार, ओला आवाज निघायचा की मांडवात बसलेली म्हातारी माणसंही "अरे!" म्हणून मान वर करत. आणि चिमटा शेवटपर्यंत पिळला तर मशीन आपली आपणच शिट्टी मारायची, पट्टी न दाबता. ती शिट्टी झाकणाच्या बटणाने खाली-वर करता यायची. कार्यक्रमाआधी दादा ती एकदा तळापासून वरपर्यंत चढवून पाहायचा. देवापुढे उदबत्ती लावावी तसा त्याचा तो नेम होता.

पण या चिमट्यात एक खोट होती आणि ती सगळ्यात आधी मला कळली, कारण गात मी होते. दादाने चिमटा चढवला की टोक उठून दिसायचं, पण सुराचं पोट खपाटीला जायचं. खालचा भरीव आवाज, ज्यावर मी पाय रोवून उभी असायची, तोच गायब. मी अंतऱ्यावर गेले आणि पायाखालची फळी निघाली, असं दोन-तीनदा झालं. मास्तर भडकले. "हे मशीन आवाज खाते बे! चिमटा दिला का आवाज बसते."

मास्तरांनी आधी मशीनच्या आत जाणारा आवाजच वाढवून पाहिला. तर सूर घोगरा झाला आणि चिमट्याची सगळी मजाच गेली. मग दादाने उपाय काढला. उजव्या हाताने चिमटा चढवायचा, त्याच वेळी डाव्या हाताने अगदी शेवटचं, बाहेर पडणाऱ्या आवाजाचं बटण थोडं वर न्यायचं. आणि चिमटा उतरवताना आठवणीने ते परत खाली. नाहीतर दबलेलं पोट एकदम फुगून भोंगे फाटतात. किती वर न्यायचं, याचंही त्याने माप बसवलं होतं. जेवढा आवाज गेला तेवढा सगळा भरून दिला तर ते टोक कानात सुईसारखं घुसतं. "निमे, गेलं तेवढं सारं भरून नसते देता येत," तो मला म्हणाला होता. "अर्धं द्याचं. अर्धं गेलं तं गेलं. ढोलकीवाला सांभाळून घेते." हे माप कुठे लिहिलेलं नव्हतं. ते त्याच्या कानात होतं.

पुढची एक-दोन वर्षं बरी गेली. आम्ही मोर्शी, हिवरखेड, कुठे कुठे जाऊन आलो. स्टेज बहुतेक ठिकाणी टीचभर असायचं आणि दादाची जागा ठरलेली, भोंग्यांच्या थेट तोंडाशी. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. उलट त्याला म्हणायचे, "गजूभाऊ, तुमाले तं सगळ्यात झ्याक ऐकू येत असंन."

मग घरात काहीतरी बिनसलं. दादा मायला उत्तर देईनासा झाला. ती मान खाली घालून काही विचारायची आणि हा गुंफत बसायचा, जणू भिंत बोलली. बाबांनी ओसरीच्या पलीकडून हाक दिली की मात्र लगेच "हो बाबा." मायच्या मनाने त्याचा एकच अर्थ घेतला. "मोठा कलाकार झाला तो," एकदा ती पाटोड्या थापता थापता मला म्हणाली, "आता त्याले बाप पाह्यजे. माय कायले पाह्यजे?" तिने त्याच्याशी बोलणं कमी केलं. मग अगदीच कमी. ताटातले गोळे तेवढेच राहिले, पण वाढताना ती त्याच्याकडे बघायची नाही. ओसरीतलं ते पुटपुटणं बंद पडलं आणि नुसता दोरा ओढल्याचा आवाज राहिला. मला जे पुटपुटणं आवडत नव्हतं, त्याच्यावाचून घर खायला उठलं.

स्टेजवरही तेच. दादा आवाज जास्त देऊ लागला. अर्ध्याच्या जागी पूर्ण, पूर्णाच्या वर. कधी चिमटा उतरवल्यावर परत खाली घ्यायचंच विसरायचा. मी मागे वळून डोळे वटारायची. लोक कानात बोटं घालत. मास्तर विचारत, "काहून बे, एवढा काहून देऊन राहिला?" आणि दादा मनापासून सांगे, "मास्तर, मशीन लयच आवाज खाऊन राहिली." आणि आम्ही सगळे माना डोलवायचो. कारण मशीन आवाज खाते, हे आम्हाला ठाऊकच होतं. ते खोटं नव्हतंच ना! खोटं असतं तर कुणीतरी कारण दुसरीकडे शोधलं असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण आमच्याकडे संन्यासीही थोडा चोर होता, त्यामुळे घोळ झाला. मशीन एकदा अमरावतीत उघडून झाली, मग अकोल्याच्या मिस्त्रीकडे गेली. त्याने साफसूफ करून परत दिली आणि बिघाड काही सापडला नाही म्हणाला. मास्तरांचा विश्वास बसला नाही. गणपतीत अकोल्यालाच मोठा कार्यक्रम होता. "हा नीट झाला तं ठीक," मास्तरांनी दादाला बजावलं, "नाईतं मी दुसरा वाजवणारा पाह्यतो. मले पार्टी चालवाची हाये." दादा गेला की माझंही गेलं. बाबांचं वाक्य मी विसरले नव्हते. पण खरं सांगते, मला माझ्या गाण्याची एवढी धास्ती नव्हती. त्या मशीनशिवाय दादा ओसरीत बसून मुका हार गुंफतो आहे, हे चित्र डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

अकोल्यात आम्ही मावशीकडे उतरलो. जेवून दुपारी मांडवात गेलो तर माणसं अजून बांबू बांधत होती. दादाने मशीन लावली आणि नेमाप्रमाणे चिमटा शेवटपर्यंत पिळला. शिट्टी तळातून निघाली. त्याने झाकण हळूहळू उघडत नेलं, शिट्टी चढत गेली, चढत गेली, इतकी की माझ्या दातांत शिरशिरी आली. बांबूवरच्या माणसाने वरून शिवी हासडली. ढोलकीवाल्याने डोकं गुडघ्यात घातलं. मी दोन्ही तळहातांनी कान दाबून धरले. आणि दादा शांत बसलेला, मान किंचित कलती, कान देऊन.

"गेली," तो म्हणाला.

"काय गेली?" मास्तर ओरडले.

"शिट्टी. अर्ध्यातच मेली. पाहा मास्तर, मिस्त्रीनं काईच केलं नाई." आणि त्याने डाव्या हाताने आवाजाचं बटण आणखी वर नेलं.

"बंद कर बे! बंद कर!"

दादाने वर पाहिलं. आधी मास्तरांच्या उघडलेल्या तोंडाकडे, मग बांबूवरच्या माणसाकडे, मग माझ्याकडे. माझ्या कानांवरच्या हातांकडे तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याने आवाज खाली घेतला आणि झाकण अगदी सावकाश बंद करत आणलं. शिट्टी उतरत आली. एका जागी त्याचा चेहरा हलला. तिथे त्याला ती लागली. त्याने पुन्हा थोडं वर नेलं, चेहरा कोरा. पुन्हा खाली, लागली. विहिरीत दोर सोडून पाणी कुठे लागतं ते पाहावं, तसं तो करत होता. मास्तरांना वाटलं पोरगा मुद्दाम छळतो आहे. मी एकटी त्याच्या तोंडाकडे पाहत होते, आणि मला कळलं. त्यालाही कळलं. त्याने मशीन बंद केली, "हो मास्तर, मशीनच बिघडली असंन," म्हणाला आणि उठून मांडवामागे गेला.

मी मागोमाग गेले. तिथे सजावटीतून उरलेल्या झेंडूचा ढीग पडला होता. दादा त्यातलं एक फूल उचलून पाकळ्या काढत होता.

"निमे, तुले शिट्टी वरपर्यंत ऐकू आली?"

"हो."

"सारी?"

"कान फाटले दादा आमचे."

त्याने उघडा देठ ढिगावर टाकला. मग म्हणाला, "मले वाटे माय नाराज हाये माह्यावर. म्हून बोलत नाई."

मला रडू फुटलं. दोघं एकाच ओसरीत समोरासमोर बसून इतके महिने एकमेकांवर रुसले होते, आणि रुसण्याजोगं काहीच नव्हतं. मी म्हटलं, "माय बोलते दादा. रोज बोलते."

संध्याकाळचं काय, हा प्रश्न होताच. तो आम्ही तिथेच सोडवला, झेंडूच्या ढिगापाशी. बटणाचं माप दादाच्या कानातून गेलं होतं, पण माझ्या कानात होतं. मी गाताना उजवा हात कमरेपाशी ठेवायचा. तळहात वर केला की आवाज दे, खाली केला की परत घे, आडवा धरला की बरोबर आहे. त्याने मशीनकडे न बघता माझ्या हाताकडे बघायचं. कार्यक्रम झकास झाला. चिमटा चढला, पोट बसलं, माझा हात उठला, आणि खालचा आवाज हलकेच पायाखाली येऊन थांबला, अर्धाच, जसा असायला हवा. लोकांनी एक गाणं पुन्हा म्हणायला लावलं. मास्तर खूश. "अकोल्याचा मिस्त्री मानला पाह्यजे! मशीन सुधरली लेका!" दादा हसला. असं हसणं मी त्याच्या तोंडावर आधी पाहिलं नव्हतं आणि पुन्हा पाहावं अशी इच्छा नाही.

घरी आल्यावर मायला सांगितलं. ती सुई हातात तशीच धरून बसली. "म्हंजे त्याले माह्यं ऐकूच येत नव्हतं? अन् मी त्याले मनात काय काय बोलली बाप्पा!" त्या दिवसापासून तिने जागा बदलली. दादाच्या अगदी समोर बसायची आणि बोलताना मान वर करायची. जन्मभर खाली घातलेली मान, तिला ते जड गेलं असणार. लसणाचं कोमट तेल झालं, मारुतीला नारळ झाला. मग डॉक्टर झाला. आतली नस गेली, औषध नाही, भोंग्यांपासून लांब राहा म्हणाला. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फुलं तोडाले कान नाई लागत." त्यांना धीर द्यायचा होता, हे मला आता कळतं. तेव्हा दादा जेवणावरून उठून गेला.

तो भोंग्यांपासून लांब राहिला नाही. जे उरलं आहे ते असेपर्यंत वाजवतो म्हणाला, आणि मी हात दाखवत राहिले. एक दिवस मायने मला धरलं. "तू हात दाखवतं म्हून तो वाजवते. तुह्या हातानं त्याचे कान चालले, निमे." मी तिच्यावर खेकसले. म्हटलं, माह्या हातानं त्याचं वाजवणं टिकलं, कान तर आधीच चालले होते. आज साठी ओलांडली तरी मी तेच म्हणेन. ज्याचे कान, त्याचा निर्णय. पण मायचं ते वाक्य अजून जात नाही. मध्येच केव्हातरी भाजी चिरताना हाताकडे लक्ष जातं आणि ते ऐकू येतं.

मग माझं लग्न ठरलं, अंजनगावचं. स्थळ चांगलं होतं, नाही म्हणायला कारण नव्हतं, आणि खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. तालमीत दादा डोळे मिटून मशीनच्या लाकडावर तळहात ठेवून बसू लागला, नुसत्या थरथरीवरून माप कळतं का पाहायला. कळत नव्हतं. खालचे सूर हाताला लागायचे, वरचं टोक लागायचं नाही, आणि टोचायचं तर तेच.

माझ्या लग्नात मंगलाष्टकं मास्तरांच्या पार्टीने म्हटली. माझ्या जागी नवी मुलगी आली होती, भेदरलेली. बाबांनी स्वतः गुंफलेला शेवंतीचा हार हातात घेऊन मी आंतरपाटाच्या अलीकडे उभी, मागे मामा. पहिलं अष्टक बरं गेलं. दुसऱ्याला दादाने चिमटा चढवला, मुलीच्या सुराखालची फळी निघाली, ती चाचरली. त्याने आवाज दिला, आणि देतच राहिला. मांडवभर सुई घुसली. लोकांनी अक्षता सोडून कान धरले. मी हार डाव्या हातावर घेतला आणि मेंदीचा उजवा हात कमरेपाशी आणून तळहात खाली केला. दादा माझ्याकडेच बघत होता. आवाज उतरला. मग आडवा धरला. मंगलाष्टकं संपेपर्यंत नवरीचा हात वर-खाली होत राहिला. मामा मागून कुजबुजले, "निमे, हात काहून हालवून राहिली? लोक पाहून राहिले ना!" पलीकडून सासूबाई कुणाला तरी विचारताना ऐकू आल्या, "पोरीले काई होते का?" होत होतं. पण सांगू कुणाला?

बिदाईच्या वेळी गाडीपाशी सगळे रडत होते. दादा जवळ आला, वाकला आणि माझ्या कानाशी तोंड आणून त्याला वाटलं तसं हळूच बोलला. पण आता स्वतःच्या बोलण्याचं मापही त्याच्याजवळ उरलं नव्हतं. साऱ्या मांडवाने ऐकलं.

"निमे, उद्यापासून मले कोण सांगन, आवाज किती द्याचा ते?"

रडणारे लोक रडायचे थांबले. पोरं हसली. बाबा जमिनीकडे पाहू लागले. दादाने सगळ्यांचे चेहरे पाहिले, आपलं काहीतरी चुकलं हे त्याला कळलं, पण काय ते कळेना. "काय झालं?" त्याने विचारलं, आणखी मोठ्याने.

तेव्हा माय गर्दीतून पुढे आली. ती दादाच्या समोर उभी राहिली, मान वर केली, आणि उजवा हात कमरेपाशी आणून तळहात खाली केला, अगदी माझ्यासारखा. तिला तो कुणी शिकवला नव्हता. कार्यक्रमांत मागे बसून ती पाहत आली असणार, मला बोल लावत होती तेव्हाही.

दादाने तिच्या हाताकडे पाहिलं. मग बोलला, या वेळी इतक्या हळू की मला गाडीतून वाकून ऐकावं लागलं.

"एवढा?"

मायने हात आडवा धरला.